मुलांचे छंद पत्रिकेत शोधावेत काय?

एप्रिलच्या अखेरीस शाळांचे निकाल हाती येऊ लागतात आणि बिबवेवाडीतील सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर उन्हाळी वर्गांच्या जाहिरातींची दाटी होते. तबला, कथक, बुद्धिबळ, अबॅकस, जलतरण, चित्रकला, संस्कृत संभाषण, रोबो बनविण्याचे शिबिर. मूल एक आणि वर्ग वीस, अशी पालकांची स्थिती असते. शुल्क भरायचे, रिक्षा लावायची आणि महिनाभराने मुलाने ‘मला नाही आवडत’ म्हणून अंग काढून घ्यायचे, हा अनुभव घरोघरचा आहे. या संभ्रमावर गेल्या काही वर्षांत एक तयार तोडगा रूढ झाला आहे. मुलाची जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण संगणकात भरले की निरयन पद्धतीची पत्रिका चाळीस-पन्नास पानांच्या पुस्तिकेसह हाती पडते आणि तिच्यात ‘स्वभाव व व्यक्तिमत्त्व’, ‘आवडीनिवडी व छंद’ अशी स्वतंत्र प्रकरणे असतात. विवाह जुळविताना पत्रिका पाहणे जुने आहे. सात वर्षांच्या मुलीने सतार शिकावी की कराटे, हे पत्रिकेवरून ठरविणे मात्र नवे आहे आणि म्हणूनच त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

बिबवेवाडीसारख्या उपनगरात ही प्रथा का रुजावी, हे समजण्यासारखे आहे. एकेकाळचे हे पुण्याबाहेरचे गाव. आज गावठाणाभोवती सातारा रस्त्यापासून अप्पर इंदिरानगरपर्यंत वसाहती पसरल्या आहेत. कोणी साताऱ्याहून आले, कोणी सोलापूरहून, कोणी कोकणातून. शेजारच्या मार्केट यार्डातील व्यापारामुळे मारवाडी आणि गुजराती कुटुंबे आली. गावी प्रत्येक घराचा एक जोशी असे. तो मुलाच्या बारशाला येई, मुंजीला येई, आजोबांच्या वर्षश्राद्धालाही येई. ‘हा मुलगा हिशेबात पक्का होईल’ असे तो सांगे तेव्हा त्याच्यासमोर पत्रिका असे हे खरे, पण ते घरही असे. पोराचे अक्षर, बापाचे दुकान, आईचा स्वभाव हे सारे त्याने पाहिलेले असे. त्याच्या फलादेशात किती भाग ग्रहांचा आणि किती भाग त्याच्या चाणाक्षपणाचा, याचा हिशेब कोणी मांडला नाही. शहरात आल्यावर जोशी सुटला आणि पत्रिका तेवढी उरली. संगणकाला घर दिसत नाही.

पत्रिका छंद सांगते ती कशाच्या आधारे, हेही पाहिले पाहिजे. लग्नरास देह आणि स्वभाव दाखविते, चंद्ररास मनाची ठेवण दाखविते. तृतीय स्थानावरून पराक्रम, हात आणि लेखन, पंचमावरून बुद्धी, विद्या आणि कलेची ओढ पाहावयाची. शुक्र कलांचा कारक, बुध गणिताचा आणि वाणीचा, मंगळ मैदानाचा व शस्त्राचा, शनी चिकाटीचा. वराहमिहिराच्या बृहज्जातकापासून चालत आलेली ही परिभाषा मनुष्यस्वभावाच्या सूक्ष्म निरीक्षणातून घडलेली आहे, यात शंका नाही. धडाडी, रसिकता, हिशेबीपणा, वैराग्य अशा वृत्तींची ती एक देखणी मांडणी आहे. प्रश्न आहे तो या वृत्ती आणि जन्मसमयीचे आकाश यांची सांगड खरोखर बसते काय, एवढाच.

ही सांगड ज्या सहजतेने वाकविली जाते, तिचे एक उदाहरण मध्यमवर्गीय घरांत नेहमी दिसते. मुलाच्या लग्नस्थानी मंगळ असला की फलादेश होतो: धाडसी, नेतृत्वगुणी, मैदानी खेळांत चमकेल, सैन्यात जाईल. तोच मंगळ त्याच स्थानी मुलीच्या पत्रिकेत असला की घरातील आवाज खाली येतो: मंगळाची पत्रिका आहे, स्वभाव तापट असेल, नृत्याला घाला म्हणजे जरा सौम्य होईल. वास्तविक शास्त्राच्या नियमाप्रमाणे विवाहप्रसंगी मंगळ मुलाच्याही पत्रिकेत तितकाच मोजावा लागतो. पण कबड्डीच्या मैदानावर जाऊ पाहणाऱ्या मुलीला मंगळ आडवा येतो आणि मुलाला तोच पाठीशी घालतो. येथे ग्रह बदललेला नाही, वाचणारा बदललेला आहे. घराला जे आधीपासून हवे असते, तेच पुष्कळदा पत्रिकेच्या तोंडून वदविले जाते. आई-वडिलांनी ‘आम्हाला हे पसंत नाही’ असे सांगितले तर मूल निदान वाद घालू शकते. ‘तुझ्या पत्रिकेतच नाही’ याला सात वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसते.

आता निरयन गणिताकडे वळू. या भागात महाराष्ट्राचा इतिहास इतका समृद्ध आहे की तो सुशिक्षित घरांतून विसरला जावा, याचे आश्चर्य वाटते. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे डुलतो आणि त्यामुळे वसंतसंपात तारकांच्या पार्श्वभूमीवर साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. संपातापासून राशी मोजल्या तर ती सायन पद्धती, तारकांच्या संदर्भाने मोजल्या तर निरयन. इंग्रजी मासिकांतील राशिभविष्य सायन असते. म्हणून २५ जुलैला जन्मलेल्या मुलीचा सूर्य त्यात सिंहेचा आणि आजीच्या पंचांगात कर्केचा. घरातील पुष्कळ गोंधळ एवढ्यावरच संपतो, कारण आजीचे पंचांग खरे आणि मासिक परके असा निकाल लागतो. पण वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. निरयन मोजायचे तर आरंभबिंदू कोणता?

या एका प्रश्नावर महाराष्ट्रातील विद्वानांनी आयुष्ये वेचली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी रेवती नक्षत्राचा एक मंद तारा प्रमाण मानून १८६५ पासून पंचांग सुधारणेला हात घातला. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोकमान्य टिळक याच पक्षाचे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा अजोड मराठी ग्रंथ १८९६ साली देणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित सायनाचे पुरस्कर्ते होते. ‘ज्योतिर्गणित’कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी तेजस्वी चित्रा तारा प्रमाण मानून तिच्या समोरचा बिंदू आरंभ धरला. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने निरयन गणनेसाठी याच्याशी जुळणारा अयनांश स्वीकारला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. आज सोलापूरचे दाते पंचांग आणि बहुतेक संगणकीय पत्रिका चित्रापक्षाने जातात. टिळक पंचांग मात्र अजूनही पुण्यात आणि कोकणातील काही घरांत श्रद्धेने पाळले जाते. म्हणूनच त्या घरांत तिळगूळ १४-१५ जानेवारीऐवजी १० तारखेच्या सुमारास वाटला जातो आणि अधिक मास वेगळा पडला की सणही महिनाभराने पुढेमागे होतात.

सणाच्या बाबतीत हा भेद सुखाने नांदतो. दोनदा तिळगूळ मिळाला म्हणून कोणाचे बिघडत नाही. स्वभावाच्या बाबतीत तो अडचणीचा आहे. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे आणि रास तीस अंशांची असते. म्हणजे सात-आठ जणांमागे एकाची चंद्ररास पंचांग बदलताच बदलते. चित्रापक्षाने ज्याचा चंद्र कन्येच्या सत्ताविसाव्या अंशावर, त्याचाच चंद्र टिळक पंचांगाने तुळेच्या पहिल्या अंशाच्या आसपास येतो. पहिल्या पुस्तिकेत हे मूल बुधाच्या राशीचे: चिकित्सक, टिपणे ठेवणारे, गणिताकडे वळवावे असे. दुसऱ्या पुस्तिकेत शुक्राच्या राशीचे: रसिक, मिळून मिसळून राहणारे, संगीताकडे वळवावे असे. मूल एकच, जन्मवेळ एकच आणि दोन्ही पंचांगे शुद्ध निरयन. याखेरीज लग्नरास सरासरी दोन तासांनी बदलते आणि प्रसूतिगृहातील घड्याळ किती बरोबर होते, जन्माची वेळ पहिल्या रडण्याची धरली की परिचारिकेने नोंद केली तेव्हाची, हे कोणालाच आठवत नाही. लोकमान्यांसारखा प्रखर गणिती आणि केतकरांसारखा व्यासंगी ज्योतिर्विद यांचे ज्या बिंदूवर एकमत झाले नाही, त्या बिंदूवर मुलाच्या तबल्याचे भवितव्य टांगून ठेवणे कितपत शहाणपणाचे?

गणिताचा हा मुद्दा बाजूला ठेवून कोणी म्हणेल, अनुभव काय सांगतो ते पाहा. अनुभवाची रीतसर तपासणी पुण्यातच झाली आहे. मे २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिषाचा व्यवसाय केलेले प्रकाश घाटपांडे त्यांच्यासोबत होते. या समितीच्या अनेक भूमिका ज्यांना पटत नाहीत, अशा वाचकांनीही या चाचणीची रचना मात्र पूर्वग्रह बाजूला सारून वाचावी, इतकी ती सरळ आहे. पुणे परिसरातील शाळांतून १०० हुशार मुलांचे आणि विशेष शाळांतून बौद्धिक अक्षमता असलेल्या १०० मुलांचे जन्मतपशील जमविण्यात आले. त्यांच्या निरयन पत्रिका मांडल्या गेल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० सरमिसळ करून पाठविण्यात आल्या. प्रश्न एकच: पत्रिका हुशार मुलाची की अक्षम मुलाची?

एक्कावन्न ज्योतिषी पुढे आले, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. सर्वाधिक यश चाळीसपैकी २४, त्याखालोखाल दोघांना २२. सरासरी वीसच्याही खाली राहिली. सत्तावीस माणसांनी चाळीस-चाळीस वेळा नाणे उडविले तरी त्यांतील एखाद्याचा अंदाज चोवीस वेळा बरोबर येतो. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासून दिल्या. त्यांतील १०२ उत्तरे बरोबर आली. हा निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या चाचणीवर आक्षेप घेता येतील आणि ते घेतलेही गेले. प्रस्तुत विषयापुरता एक आक्षेप रास्त आहे: चाचणी बुद्धीची होती, छंदांची नव्हे. परंतु हा आक्षेप उलट दिशेने अधिक जड जातो. तल्लख बुद्धी आणि बौद्धिक अक्षमता यांत जे अंतर आहे, तेवढे ठळक अंतर माणसामाणसांत क्वचितच आढळते. ते ज्या रेषांत दिसले नाही, त्याच रेषांत चित्रकलेची आवड आणि बुद्धिबळाची आवड यांतील सूक्ष्म भेद दिसेल, असे मानावयास आधार काय? स्वभावाची अशी तपासणी अमेरिकेतही झाली आहे. शॉन कार्लसन यांनी १९८५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्योतिषांनी एका पत्रिकेशी तीन स्वभाववर्णनांपैकी योग्य ते जुळवायचे होते. यश साधारण तीनात एक, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवल्याइतकेच आले. तेथील पत्रिका सायन होत्या हे खरे. पण आपल्या निरयन पत्रिकांनी पुण्यात काय दिले ते वर आलेच आहे.

मग ‘आमच्या मुलाचे वर्णन तंतोतंत जुळले’ असे इतके पालक प्रामाणिकपणे का सांगतात? ते खोटे बोलत नाहीत. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझे वर्णन’ म्हणून एक कागद दिला. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन विद्यार्थ्यांनी ते वर्णन अचूक ठरविले. प्रत्यक्षात सर्वांना एकच कागद दिला होता आणि त्यातील वाक्ये बाजारातील राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. ‘वरून शांत पण आतून हळवा’, ‘मनात आणले तर पुष्कळ करील, पण आरंभशूर’, ‘मोजक्याच मित्रांत खुलणारा’ ही वाक्ये कोणत्या मुलाला लागू पडत नाहीत? संगणकीय पुस्तिकेतील छंदांचे प्रकरण याच मुशीतले असते. शिवाय त्यात पाच-सहा छंद दिलेले असतात. त्यांतील एक तरी जुळतो आणि तेवढाच लक्षात राहतो.

येथे काही निष्ठावंत वाचकांच्या मनात निराळा प्रश्न येईल. ज्योतिष ही आपल्या परंपरेतील वेदांगांपैकी एक विद्या. तिच्यावर प्रश्न उभा करणे म्हणजे परंपरेलाच धक्का नव्हे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, याचाही दाखला दिला जातो. तो निर्णय विषय शिकविण्याच्या अधिकाराचा होता, फलादेश खरे ठरतात असा नव्हे. आणि वेदांग ज्योतिष हे मुळात कालगणनेचे शास्त्र आहे. यज्ञाचा काळ ठरविण्यासाठी सूर्यचंद्रांची गती मोजणे हा त्याचा विषय. त्यात जन्मपत्रिका नाही. छत्रे, दीक्षित, केतकर, टिळक यांचा अभिमान बाळगायचा तर तो त्यांनी आकाशाशी ताडून पाहिलेल्या गणिताचा. जुने पंचांग आणि प्रत्यक्ष ग्रहण यांत अंतर दिसताच त्यांनी पंचांग दुरुस्त करण्याचा आग्रह धरला, ग्रहणाला दोष दिला नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपल्या विज्ञाननिष्ठ निबंधांतून श्रुतिस्मृतिपुराणोक्त आणि अद्ययावत या दोन शब्दांत जो भेद मांडला, तो हाच. फलज्योतिषाला हा कस लावला की परंपरेचा अपमान होतो, असे समजणाऱ्यांनी या पूर्वसूरींना एकदा वाचावे.

कोणाच्या देवघरातील पत्रिका फाडून टाकावी असे यातून सुचवावयाचे नाही. जन्माची नोंद म्हणून, आजोबांच्या हस्ताक्षराची आठवण म्हणून ती घरात असावी. विवाहाच्या प्रसंगी ती पाहावी की नाही, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. परंतु ज्याच्यात अजून काहीच ठरलेले नाही, अशा लहान मुलावर तिचा शिक्का मारणे हे निश्चित टाळता येण्यासारखे आहे. तृतीयातील शनीमुळे ‘हातात कला नाही’ असे ऐकलेले मूल खडू हातात घेईनासे होते, आणि मग पत्रिका खरी ठरली म्हणून तिचा दरारा वाढतो. उलट पंचमातील शुक्राच्या भरवशावर वर्षानुवर्षे गाण्याच्या वर्गात बसविलेली मुलेही आहेत. त्यांच्या कंटाळ्याची कोठे नोंद होत नाही, एवढेच.

मुलाचा कल ओळखण्याची साधने पुण्याला परकी नाहीत. मानसशास्त्राचे अभ्यासक असलेल्या आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि बुद्धिमत्तेच्या निरनिराळ्या पैलूंचे मापन हे तिच्या कामाचे एक अंग राहिले. तेथे मुलासमोर प्रत्यक्ष कोडे ठेवले जाते, तो ते कसे सोडवितो हे पाहिले जाते. अशा कलचाचण्यांनाही मर्यादा आहेत आणि पुष्कळ पालक त्यांचा अहवालही नव्या पत्रिकेसारखाच वाचतात, ही खंत त्या क्षेत्रातील जाणकारांनाच अधिक असते. बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि आवड सांगणारी जी दुकाने मध्यंतरी शहरात निघाली, ती तर पत्रिकेचीच संगणकी आवृत्ती; फक्त तिला संस्कृत नावांऐवजी इंग्रजी नावे होती म्हणून शिकलेल्या घरांत तिला अधिक मान मिळाला.

याहून सोपा मार्ग घरातच आहे, पण त्याला वेळ लागतो. सुट्टीत कोणी न सांगता मूल कशाकडे वळते? कोणते काम करताना त्याला जेवणाची आठवण राहत नाही? चूक झाली तरी पुन्हा कोठे प्रयत्न करते? संध्याकाळच्या शाखेवर दोन-तीन महिने खेळ घेणाऱ्या शिक्षकाला कोणते मूल संघ बांधते, कोणते एकटे धावते आणि कोणाला गोष्ट सांगायला उभे केले की डोळे चमकतात, हे पत्रिका न पाहता कळते. आजीलाही कळते. आई-वडिलांना कळत नाही याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, दोघेही रात्री आठला घरी पोहोचतात. त्यांना दोष देता येत नाही; हडपसर किंवा हिंजवडीहून परतताना रस्त्यावर जाणारे तास त्यांच्या हातचे नाहीत. परंतु त्या गमावलेल्या निरीक्षणाची भरपाई पन्नास पानी पुस्तिकेने होईल, असे मानणे ही स्वतःची समजूत घालणे आहे. दोन वर्ग बदलले, तिसऱ्यात मन रमले तर पहिल्या दोघांचे शुल्क वाया गेले असेही समजण्याचे कारण नाही. आपल्याला काय आवडत नाही, हे मुलाला त्याच पैशांत कळलेले असते.

राहता राहिले आकाश. ज्या चित्रा ताऱ्याच्या आधारे आज बहुसंख्य मराठी पत्रिका मांडल्या जातात, तो तारा ओळखणारी माणसे किती निघतील? मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास बिबवेवाडीतील कोणत्याही गच्चीवरून तो दक्षिणेला उंचावर दिसतो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती लागते आणि आणखी पुढे गेले की निळसर पांढरी चित्रा. रेवतीचा तो वादग्रस्त तारा मात्र शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. त्यासाठी भोरच्या पलीकडे, अंधाऱ्या आकाशाखाली जावे लागेल, आणि तेही पावसाळा सरल्यावर. आकाशदर्शनाची गोडी लागलेल्या मुलांसाठी पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था काम करीत आहे. टिळक स्मारक मंदिरातील तिच्या कार्यालयात प्रवेश घेताना जन्मवेळ विचारली जात नाही.